दुर्मिळतेची देवघेव : ‘निओपेट्स’ या आभासी पाळीव प्राण्यांच्या खेळातील वस्तुविनिमयाची चिकित्सा

सारांश : ‘निओपेट्स’ हा आंतरजालावरील आभासी पाळीव प्राण्यांचा खेळ १९९९ पासून चालू आहे. या खेळातील प्राणीसंगोपनापेक्षा खेळाडूंमधील वस्तूंची देवघेव हाच त्याचा मध्यवर्ती आशय आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. यंत्रणेने हमी दिलेला सौदा आणि केवळ विश्वासावर चालणारी अदलाबदल असे या देवघेवीचे दोन प्रकार दिसतात. त्यांची तुलना करून, खेळातील दुर्मिळता कोण निर्माण करतो आणि तिच्यावर मालकी कोणाची, या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

बीजशब्द : आभासी पाळीव प्राणी, वस्तुविनिमय, दुर्मिळता, पत, विश्वास, मालकी.

१. प्रास्ताविक

संगणकीय खेळांविषयी शिक्षकवर्गात होणाऱ्या चर्चेचा सूर बहुधा काळजीचा असतो. मुलांचा वेळ, अभ्यास आणि मनःस्वास्थ्य या खेळांमुळे धोक्यात येते काय, या प्रश्नाभोवतीच ती फिरत राहते. हा प्रश्न गैरलागू नाही. परंतु त्यामुळे खेळ स्वतः काय सांगतो, त्याच्या नियमांत जगाविषयीचे कोणते आकलन गृहीत धरलेले आहे, याकडे दुर्लक्ष होते. कादंबरी किंवा नाटक आपण जसे वाचतो तसा खेळही वाचता येतो. कादंबरीचा आशय तिच्या शब्दांतून व्यक्त होतो. खेळाचा आशय मुख्यतः त्याच्या नियमांतून आणि त्या नियमांना खेळणाऱ्यांनी दिलेल्या प्रतिसादातून व्यक्त होतो. या भूमिकेतून येथे ‘निओपेट्स’ या खेळातील एका विशिष्ट व्यवहाराचे, म्हणजे खेळाडूंमधील वस्तुविनिमयाचे, वाचन करावयाचे आहे.

अ‍ॅडम पॉवेल आणि डॉना विल्यम्स या ब्रिटिश जोडीने १५ नोव्हेंबर १९९९ रोजी हा खेळ आंतरजालावर खुला केला. पुढे त्याचे बस्तान अमेरिकेत बसले आणि २००५ साली ‘व्हायाकॉम’ या माध्यमसमूहाने तो १६ कोटी डॉलरना विकत घेतला. २०१४ मध्ये तो ‘जंपस्टार्ट’ या कंपनीकडे गेला, २०१७ मध्ये जंपस्टार्टच चिनी ‘नेटड्रॅगन’ समूहात सामील झाली आणि २०२३ पासून निओपेट्स स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालू आहे. पाव शतकात इतके मालक पाहिलेला आणि तरीही टिकलेला आंतरजालीय खेळ विरळाच.

या खेळाची अभ्यासकांनी दखल घेतली नाही असे नाही. एलन सायटर यांच्या २००५ सालच्या ‘द इंटरनेट प्लेग्राउंड’ या ग्रंथात त्याची चर्चा आहे. त्याच वर्षी सारा ग्राइम्स आणि लेस्ली रीगन शेड यांनी ‘निओपियातील खेळाचे अर्थकारण’ या विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. या अभ्यासांचा रोख प्रामुख्याने जाहिरातींवर होता. प्रायोजकांची उत्पादने खेळाच्या कथानकातच मिसळून टाकण्याचे जे तंत्र या कंपनीने विकसित केले, त्याची चिकित्सा त्या काळी अत्यावश्यक होती. तथापि जाहिरातदार बदलले, मालक बदलले आणि त्या वेळची मुले प्रौढ झाली. अजून चालू आहे ती खेळाडूंची आपसांतील देवघेव. म्हणून तिचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते.

२. न मरणारा प्राणी

आभासी पाळीव प्राण्यांची परंपरा पाहता निओपेट्सचा एक नियम प्रथम नजरेत भरतो. १९९६ साली जपानमध्ये ‘बान्दाई’ कंपनीने आणलेल्या ‘तामागोची’ या खेळण्यातील प्राणी उपेक्षेमुळे मरत असे. शाळेच्या तासाला त्याची हाक आली आणि मुलाने दुर्लक्ष केले, तर संध्याकाळपर्यंत खेळ संपे. म्हणजे तामागोचीचा आशय काळजी आणि अपराधभाव या दोन भावनांभोवती उभा होता. निओपेट्समधील प्राणी मात्र कधीच मरत नाही. त्याला खाऊ घातले नाही तर त्याच्या नावापुढे ‘मरणासन्न’ अशी नोंद दिसते आणि ती वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. खिसा रिकामा असलेल्यांसाठी फुकट सूप देणारी अन्नछत्राची सोयही खेळात आहे.

या एका नियमाचे परिणाम दूरगामी आहेत. प्राणी मरणार नसेल तर त्याच्या अन्नाला मोल उरत नाही; अन्न ही खेळातील सर्वांत स्वस्त वस्तू ठरते. मोल येते ते प्राण्याला वेगळे दिसण्यास मदत करणाऱ्या किंवा केवळ संग्रहाची शोभा वाढवणाऱ्या वस्तूंना. प्राण्याचा रंग बदलणारे आणि एकदा वापरताच नाहीसे होणारे जादूचे कुंचले, गुप्त प्रयोगशाळेच्या नकाशाचे नऊ तुकडे, पोस्टाची काल्पनिक तिकिटे अशा वस्तूंभोवती खेळाडूंची धावपळ चालते. गरजेची वस्तू स्वस्त आणि मिरवण्याची वस्तू महाग, हा या जगाचा पहिला अर्थशास्त्रीय धडा आहे.

दुसरा धडा चलनाचा. ‘निओपॉइंट’ हे चलन छोटे छोटे खेळ खेळून मिळते, पण एका खेळातून दिवसाला किती मिळावे यावर मर्यादा असते. खेळाच्या यंत्रणेने चालवलेल्या दुकानांत अनियमित अंतराने माल येतो आणि तो क्षणार्धात उचलला जातो. हा माल खेळाडू स्वतःच्या दुकानात चढ्या भावाने मांडतात. निओपियात बँक आहे, शेअर बाजार आहे, लिलावघर आहे. भातुकलीत मुले घर मांडतात. येथे मुलांनी पेठ मांडावी अशी योजना आहे. २०२० च्या अखेरीस ‘फ्लॅश’ हे तंत्रज्ञान बंद झाले तेव्हा या योजनेचा खरा कणा कोणता ते उघड झाले. निओपेट्समधील बहुसंख्य छोटे खेळ फ्लॅशवर अवलंबून असल्यामुळे ते कोलमडले. दुकाने, लिलाव आणि अदलाबदल यांची पाने साधी असल्यामुळे ती चालू राहिली. खेळ बंद पडले तरी बाजार उघडा होता.

३. भावाची कमाल मर्यादा आणि मागणीयादीची भाषा

खेळाडूंच्या दुकानात एखाद्या वस्तूला लावता येणाऱ्या किमतीवर दीर्घकाळ ९९,९९९ निओपॉइंटची कमाल मर्यादा होती. त्यापेक्षा अधिक मोलाची वस्तू दुकानात मांडणे म्हणजे ती फुंकून टाकणेच. त्यामुळे खऱ्या अर्थाने मौल्यवान असे सारे काही ‘ट्रेडिंग पोस्ट’ या अदलाबदलीच्या जागी जमू लागले. मंडईत भाजीचे वाटे लावतात तसे येथे खेळाडू दहापर्यंत वस्तूंचा एक वाटा लावतो आणि त्याखाली आपल्याला काय हवे आहे याची एक छोटी मागणीयादी लिहितो. इतर खेळाडू आपापल्या वस्तू व निओपॉइंट देऊ करतात. देऊ केलेली वस्तू निर्णय होईपर्यंत अडकून राहते. वाटा लावणाऱ्याने एक प्रस्ताव स्वीकारला की दोन्ही बाजूंची मालमत्ता एकाच क्षणी परस्परांकडे जाते.

गंमत अशी की येथेही चलनावर मर्यादा होती. एका प्रस्तावात रोख निओपॉइंट दीर्घकाळ आठ लाखांपर्यंतच देता येत. कोट्यवधींच्या वस्तूसाठी आठ लाखांची रोकड अपुरी. त्यामुळे उरलेले मोल वस्तूंच्या रूपाने भरावे लागे आणि त्यासाठी कोणती वस्तू सर्वमान्य, हा प्रश्न उभा राहिला. खेळाडूंनी त्यावर स्वतःची परिभाषा घडवली. निखळ रोकड म्हणजे ‘प्युअर’. चटकन खपणारी वस्तू म्हणजे ‘ईटीएस’. महाग खरी पण गिऱ्हाईक न मिळणारी वस्तू म्हणजे ‘एचटीएस’. दुर्मीळ वस्तूची मालकीण आपल्या यादीत रोकड आणि चटकन खपणाऱ्या वस्तूच मागते. न खपणारा माल पुढे करणाऱ्याला नकार मिळतो.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना येथे आर. ए. रॅडफर्ड यांचा १९४५ सालचा युद्धकैद्यांच्या छावणीतील अर्थव्यवहारांवरील लेख आठवल्यावाचून राहणार नाही. छावणीत अधिकृत चलन निरुपयोगी असताना सिगारेट हेच चलन बनले आणि तिच्यात भाव ठरू लागले, असे रॅडफर्ड यांनी स्वानुभवावरून नोंदवले होते. ट्रेडिंग पोस्टवरील ‘चटकन खपणारी वस्तू’ ही निओपियातील सिगारेट होय. चलनाला बांध घातला की वस्तू चलन होते, हा सिद्धांत पाठ्यपुस्तकातून शिकण्याआधी बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी येथे हाताळला आहे. या खेळाचे समर्थक त्याच्या शैक्षणिक मूल्याचा जो दावा करतात, त्यात या मर्यादेपर्यंत तथ्य आहे.

मात्र मागणीयादीची भाषा वाङ्मयीन दृष्टीनेही तपासून पाहावी. ती तुटक आहे, क्रियापदविरहित आहे, बव्हंशी निषेधात्मक आहे : अमुक नको, तमुक चालणार नाही, फालतू भाव देऊ नये. समोरच्याला उद्देशून असूनही तिच्यात संबोधन नाही. याचे कारण लिहिणाऱ्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा यंत्रणेत शोधणे योग्य ठरेल. वस्तूंची अदलाबदल एकाच क्षणी आणि यंत्राच्या हमीने होत असल्याने समोरचा माणूस कोण, प्रामाणिक की लबाड, हे जाणण्याची गरजच उरत नाही. जेथे विश्वासाची गरज नाही तेथे सौजन्याचीही गरज राहत नाही. सुरक्षित सौद्याची ही किंमत आहे.

४. माहिती कोणाला उपलब्ध?

कोणत्याही बाजारात भाव माहीत असणे हेच अर्धे भांडवल. निओपियात दुकानांतील भाव शोधण्यासाठी ‘शॉप विझर्ड’ ही सोय आहे. परंतु एका वेळी ती साऱ्या दुकानांचा शोध घेत नाही. काही विशिष्ट विभागातील दुकानेच दाखवते, आणि थोड्या वेळात फार शोध घेतले तर काही काळ नकार देते. सर्व दुकाने एकदम धुंडाळणारी ‘सुपर शॉप विझर्ड’ ही सोय मात्र प्रत्यक्ष पैसे भरून सदस्यत्व घेणाऱ्यांनाच मिळते. म्हणजे एका खेळाडूला पेठेचा एक कोपरा दिसतो, तर दुसऱ्याला संपूर्ण पेठ. दोघांनी एकाच नियमाने खेळायचे आहे, असे वरकरणी भासते.

या विषमतेवर खेळाडूंनी काढलेला उपाय लक्षणीय आहे. ‘जेलीनिओ’सारख्या चाहत्यांनी चालवलेल्या संकेतस्थळांवर हजारो वस्तूंच्या अंदाजी किमती नोंदवून ठेवल्या जातात आणि त्या सर्वांना विनामूल्य उपलब्ध असतात. कंपनीने पैशाला विकलेली माहिती समुदायाने श्रमदानाने सार्वजनिक केली, असे याचे वर्णन करता येईल. परंतु येथे एक पेच उद्भवतो. ट्रेडिंग पोस्टवर क्वचित दिसणाऱ्या वस्तूचा बाजारभाव असा काही नसतोच. तिची किंमत त्या त्या सौद्यात ठरते. यादीत आकडा छापला गेला की तोच आकडा पुढील सौद्यांचा आरंभबिंदू बनतो. भावाची नोंद करणारी यादी अशा रीतीने भाव ठरवू लागते. बाजाराचे वर्णन आणि बाजाराचे नियमन यांतील सीमारेषा पुसट होण्याचा हा अनुभव अर्थशास्त्राच्या अध्यापकांना परिचित असेलच.

५. जेथे चलन चालत नाही

आतापर्यंत वर्णिलेला व्यवहार यंत्राच्या हमीचा होता. निओपेट्समध्ये दुसऱ्याही प्रकारची देवघेव आहे आणि ती अधिक अर्थपूर्ण आहे. ही देवघेव खुद्द प्राण्यांची. नियमानुसार प्राणी निओपॉइंटना किंवा वस्तूंच्या मोबदल्यात विकता येत नाही. प्राण्याच्या बदल्यात प्राणी मात्र देता येतो. पण त्यासाठी ट्रेडिंग पोस्टसारखी एकाच क्षणी अदलाबदल घडवणारी यंत्रणा नाही. पूर्वी एकाने आपला प्राणी अनाथालयात सोडायचा आणि दुसऱ्याने तो तत्काळ दत्तक घ्यायचा, असा मार्ग अवलंबला जाई. मधल्या काही क्षणांत तिसराच कोणी तो उचलून नेईल ही भीती असे. पुढे प्राणी थेट दुसऱ्याच्या नावे करण्याची सोय झाली, तरी ती एकतर्फीच राहिली. म्हणजे दोघांपैकी कोणीतरी आधी द्यायचे आणि दुसरा आपला शब्द पाळील यावर विसंबून राहायचे.

आधी कोणी द्यायचे? या प्रश्नातून एक संपूर्ण आचारसंहिता जन्माला आली. कोणाचे खाते जुने, कोणाचा लौकिक जाणता, पूर्वी कोणाशी व्यवहार झाले, कोण साक्ष देईल, याची चौकशी होऊ लागली. मराठीत ज्याला आपण ‘पत’ म्हणतो तीच येथे निर्णायक ठरली. मागणीयादीच्या तुटक भाषेच्या जागी येथे पत्रव्यवहार दिसतो : नमस्कार, प्राण्याची चौकशी, तो कोणत्या घरी जाणार याविषयीची आस्था, नकार देताना दिलगिरी. प्राण्याचे मोल ठरवणाऱ्या गोष्टीही वेगळ्या आहेत. प्रत्येक प्राण्याचे नाव एकमेव असते. एकदा घेतलेले नाव दुसऱ्याला घेता येत नाही. त्यामुळे अंक किंवा अधोरेषा नसलेले, शब्दकोशात सापडणारे छोटे नाव हे संपत्ती ठरते. प्राण्याचे नामकरण करताना फुकट मिळालेले नाव काही वर्षांनी त्याच्या कातडीच्या रंगाइतकेच मोलाचे बनते.

ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२२ साली ट्रोब्रिआंड बेटांवरील विनिमयाचे जे विवेचन केले, त्याचा येथे उपयोग होतो. ‘कुला’ या विधियुक्त देवघेवीत शिंपल्यांचे हार आणि कंकणे बेटाबेटांतून फिरत. परतफेड लगेच होत नसे आणि घासाघीस निषिद्ध मानली जाई. ‘गिमवाली’ हा मात्र उघड घासाघिशीचा वस्तुविनिमय. बेटकऱ्यांना या दोन्हींतील भेद चांगलाच ठाऊक होता आणि कुला गिमवालीसारखी करणाऱ्याची निंदा होई. निओपियात ट्रेडिंग पोस्ट ही गिमवाली आहे आणि प्राण्यांची अदलाबदल कुलाच्या जवळ जाते. दोन्ही व्यवहार करणारी माणसे तीच असली तरी एका ठिकाणी ती गिऱ्हाईक असतात आणि दुसऱ्या ठिकाणी शब्दाला जागणारी माणसे. व्यवहाराचा नियम बदलला की व्यक्तीचे वर्तन बदलते, याचा इतका स्वच्छ नमुना प्रत्यक्ष समाजात सहसा मिळत नाही.

उसनवारीचा प्रकारही असाच. संदेशफलकावर वापरावयाची काही अवतारचित्रे मिळवण्यासाठी एखादी महाग वस्तू थोड्या वेळापुरती जवळ असावी लागते. ती विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांना अनोळखी खेळाडू ती उसनी देतात, कोणतेही तारण न घेता. बुडाली तर दाद मागण्याची खात्रीची सोय नाही. तरीही ही प्रथा टिकून आहे. मार्सेल मॉस यांनी दानाविषयीच्या १९२५ सालच्या निबंधात दिलेली वस्तू परतफेडीचे बंधन निर्माण करते असे मांडले होते. येथे मात्र परतफेड बहुधा मूळ दात्याला होत नाही, घेणारा पुढे तिसऱ्या कोणाला तरी उसने देतो.

तथापि विश्वासाच्या या व्यवहाराचे गौरवीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. चलनाविना चालणारी देवघेव समतेची असतेच असे नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथातून आलुते-बलुतेदारीचे जे चित्र समोर येते, त्यात नगद पैसा कमी असला तरी उच्चनीचता भरपूर आहे. तशीच श्रेणीव्यवस्था निओपियातही घडली. जुने खाते, देखणे नाव आणि जुन्या चित्राचा प्राणी ज्याच्याकडे आहे तो वरच्या पायरीवर. नवागताकडे देण्याजोगे काही नसल्याने त्याला उंबरठ्याबाहेर थांबावे लागते. पत हे भांडवल आहे आणि तेही वारशाने व वेळेने मिळते. शिवाय २०२२ मध्ये सुमारे ६ कोटी ९० लाख खात्यांची माहिती चोरीस गेल्याचे उघड झाले, तेव्हा समोरचे जुने खाते त्याच्या मूळ मालकाच्याच हाती आहे काय, हा संशयही या विश्वासाच्या मुळाशी शिरला.

६. दुर्मिळतेचा मालक कोण?

‘जुन्या चित्राचा प्राणी’ हा शब्दप्रयोग वर आला, त्याची हकीकत या साऱ्या चर्चेचा गाभा आहे. एप्रिल २००७ मध्ये प्राण्यांना कपडे घालता यावेत म्हणून कंपनीने सर्व प्राण्यांची चित्रे एका साच्यात नव्याने काढली. प्रत्येक जातीची, प्रत्येक रंगाची पूर्वीची वेगवेगळी ढब त्यामुळे लोपली. काही विशिष्ट रंगांच्या प्राण्यांना मात्र जुने चित्र ठेवण्याची मुभा मिळाली. एकदा बदलले की जुने रूप परत मिळत नसे. नवे जुन्या रूपाचे प्राणी निर्माण होणेही थांबले. अशा रीतीने एका प्रशासकीय निर्णयाने एका रात्रीत एक दुर्मीळ वर्ग जन्माला आला. त्यानंतर जवळजवळ सतरा वर्षे प्राण्यांच्या देवघेवीचे सारे जग या वर्गाभोवती फिरले.

२००७ मध्येच कंपनीने खऱ्या पैशांनी विकत घ्यावयाच्या वस्तूंचे दालन उघडले. कपडे घालण्याची सोय आणि कपड्यांची विक्री यांची ही सांगड योगायोगाची मानता येत नाही. या पैशांच्या वस्तूंची देवघेवही खेळाडूंनी भेटीच्या डब्यांतून परस्परांना पाठवून सुरू केली. तिलाही यंत्राची हमी नव्हती आणि तिचे भावही समुदायानेच ठरवले. पुढे २०२१ मध्ये तत्कालीन मालकांनी निओपेट्सच्या चित्रांवर आधारित ‘एनएफटी’ विक्रीची घोषणा केली आणि खेळाडूंच्या मोठ्या वर्गाने तिला विरोध केला. या विरोधातील उपरोध खेळाडूंच्या परिभाषेतच दडलेला होता. त्यांच्या बोलीत ‘एनएफटी’ ही अक्षरे कितीतरी वर्षे आधीपासून ‘देवघेवीसाठी नाही’ अशा अर्थाने रूढ होती. आपला लाडका प्राणी कोणी मागू नये म्हणून ती लिहिली जात. विक्रीयोग्यतेची परमावधी सुचवणारी संज्ञा आणि विक्रीला नकार देणारी संज्ञा यांची अक्षरे एकच निघाली. २०२३ मध्ये नव्या व्यवस्थापनाने तो प्रकल्प गुंडाळला.

त्यानंतर २०२४ मध्ये ‘स्टायलिंग स्टुडिओ’ ही सोय आली. त्याच जातीच्या आणि रंगाच्या नव्या प्राण्याला जुन्या चित्राचे रूप पैशांच्या वस्तूच्या साहाय्याने देता येऊ लागले. ज्यांना जुने रूप कधीच मिळाले नसते त्यांच्यासाठी हा न्याय होता. ज्यांनी वर्षानुवर्षे पत कमावून, शब्द पाळून, एकेक पायरी चढत तो प्राणी मिळवला होता त्यांच्यासाठी ते अवमूल्यन होते. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच मूळ प्रश्न या दोहोंच्या वादात हरवतो. दुर्मिळता निर्माण करण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता, त्यानेच ती संपवली. आणि निर्माण करताना किंवा संपवताना, दोन्ही वेळा विक्री त्याचीच झाली.

खेळाच्या अटींनुसार कोणतीही वस्तू किंवा प्राणी खेळाडूच्या मालकीचा नसतो. त्याला केवळ वापराची परवानगी असते. मग खेळाडूंनी आपसांत नेमके काय बदलून घेतले? वस्तू कंपनीची, चित्र कंपनीचे, टंचाईही कंपनीची. खेळाडूंचे स्वतःचे असे एकच काही त्या व्यवहारात होते : दिलेला शब्द. कंपनीला तो निर्माण करता आला नाही आणि काढूनही घेता आला नाही.

७. समारोप

या विवेचनातून पुढील मुद्दे हाती येतात. पहिला, निओपेट्समध्ये प्राणी हे निमित्त असून देवघेव हा मुख्य आशय आहे; प्राण्याचे अमरत्व हा नियमच संगोपनाकडून संग्रहाकडे नेणारा आहे. दुसरा, यंत्राच्या हमीचा सौदा सुरक्षित असतो पण माणसांमध्ये संबंध निर्माण करीत नाही. हमीविना होणारी देवघेव धोक्याची असते पण तीच आचारसंहिता, पत आणि उसनवारी घडवते, अर्थात आपली उच्चनीचताही घडवते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, हा खेळ मुलांना टंचाईत कसे वागावे ते उत्तम शिकवतो. टंचाई आली कोठून, हा प्रश्न मात्र त्याच्या नियमांत कोठेही उपस्थित होत नाही.

हा प्रश्न आता निओपेट्सपुरता राहिलेला नाही. ‘रोब्लॉक्स’ या मंचावर २०१७ साली आलेल्या ‘अ‍ॅडॉप्ट मी’ या खेळात मुले आभासी प्राण्यांची प्रत्यक्ष अदलाबदल करतात. फसवणुकीचे प्रकार वाढल्यावर २०२० मध्ये तेथे मौल्यवान प्राण्यांच्या देवघेवीसाठी एक छोटी परीक्षा देऊन परवाना मिळवण्याची अट घालण्यात आली. लबाडाला कसे ओळखावे, हे त्या परीक्षेत विचारले जाते. प्राणी दुर्मीळ का आहे आणि तो दुर्मीळ ठेवणारा कोण, हे विचारले जात नाही. ती परीक्षा कोणतीही कंपनी घेणार नाही.

ती आपल्या वर्गांतून घेता येईल. वाणिज्य, समाजशास्त्र आणि साहित्य या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना अशा खेळांत अध्यापनाची समृद्ध सामग्री उपलब्ध आहे. भाव, पत, दान, मालकी या संकल्पना विद्यार्थी वर्गात येण्यापूर्वीच व्यवहारात वापरून आलेले असतात; त्यांना त्या संकल्पनांची नावे ठाऊक नसतात, इतकेच. खेळण्यास मनाई करण्याऐवजी त्यांच्या सौद्यांची हकीकत ऐकून घेतली, तर त्या हकिकतीतच पुढचा प्रश्न दडलेला सापडेल. तुझ्याजवळचा तो दुर्मीळ प्राणी उद्या सर्वांना मिळू लागला, तर तुझ्याजवळ काय उरेल? निओपियातील जुन्या खेळाडूंना या प्रश्नाचे उत्तर २०२४ मध्ये शोधावे लागले. त्यांपैकी अनेकांकडे उरले ते प्राणी देऊन-घेऊन जुळलेले स्नेह. देवघेवीच्या या खेळाचे मोल करावयाचे झाल्यास ते त्या उरलेल्या वस्तूवरून करणे रास्त ठरेल.